खात नाही म्हणून आणलेला ड्रॅगन

जनावरांच्या दवाखान्यात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘मॅडम, खात नाही’. कुत्र्या-मांजरांच्या बाबतीत त्यावरून कमीत कमी दात, पोट, ताप असा काहीतरी रस्ता सापडतो. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत मी प्राण्याला हात लावायच्या आधी घरच्या पेटीचा फोटो मागते, तोही दिवे चालू असतानाचा. लोकांना हे विचित्र वाटतं. आजारी जीव समोर टेबलावर पडलाय आणि ही बाई घराचे फोटो काय मागतेय, असा भाव तोंडावर स्पष्ट दिसतो. पण इतक्या वर्षांच्या कामानंतर माझं मत पक्कं झालंय की सरडा खात नसेल, तर गडबड बहुतेक वेळा वाटीत नसून छतावर असते. म्हणजे दिव्यांत.

माझा दवाखाना कोथरूडला आहे. जुलै महिन्यातला सोमवार होता, बाहेर रिपरिप चालू होती. त्या दिवसांत पुण्यात डोळ्यांची साथ जोरात होती. समोरच्या मेडिकलमध्ये थेंबांच्या बाटल्या संपत होत्या आणि आमचा कंपाउंडर दर पाच मिनिटांनी हात धूत होता. अशात एक ताई मुलाला घेऊन आल्या. मुलगा दहा-अकरा वर्षांचा, डोळ्यांवर काळा गॉगल, हातात बुटांचा खोका. खोक्याच्या झाकणाला पेन्सिलीने भोकं पाडलेली.

“मॅडम, साथ आलीये हो त्याला. मी लांबच बसवते,” ताईंनी आल्याआल्या सांगून टाकलं. त्यांचे स्वतःचे डोळेही लालसर होते.

खोक्यात हातरुमालावर बेअर्डेड ड्रॅगनचं पिल्लू होतं. शेपटीसकट वीतभरही नाही. नाव ‘डायनो’. हा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या, रखरखीत भागातला सरडा. गळ्याखालच्या काटेरी कातडीचा फुगा करून तो काळा पाडतो, म्हणून ‘दाढीवाला’. ऑस्ट्रेलियाने 1960 च्या दशकापासून आपले वन्यप्राणी बाहेर विकायला बंदी घातलेली आहे, त्यामुळे जगभर पाळले जाणारे हे सरडे पिढ्यानपिढ्या माणसाच्या घरीच पैदा झालेले. स्वभावाने गरीब, दिवसा जागे, माणसाळणारे. म्हणून हल्ली पुण्यातही दिसायला लागलेत.

पावती आहे का, हे मी आधी विचारते. आपल्याकडची घोरपड किंवा चांदणीच्या नक्षीचं कासव घरात ठेवणं हा गुन्हा आहे, त्यात चर्चेला जागाच नाही. विदेशी प्राण्यांचं वेगळं आहे. वन्यजीव कायद्यातली 2022 ची दुरुस्ती आणि 2024 चे नियम यांच्यामुळे चौथ्या अनुसूचीतल्या, म्हणजे ज्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे अशा, प्राण्यांची नोंद सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. आपला प्राणी त्यात बसतो का, हे घ्यायच्या आधीच वनखात्याकडून समजून घ्यावं. ताईंनी पर्समधून हाताने लिहिलेला एक कागद काढला. त्याबद्दल मुलाच्या बाबांशी बोलायचं ठरवून मी पुढे सरकले.

हकीकत अशी. डायनो आदल्या आठवड्यात घरी आला. पहिल्या दिवशी दोन-तीन रातकिडे खाल्ले, मग तोंड मिटलं ते मिटलंच. मग घरातल्या प्रत्येकाने आपापल्या परीने प्रयत्न केले. मुलाने मीलवर्म नावाच्या अळ्या आणल्या, आईने केळं कुस्करून दिलं, आजीने मेथी निवडून बारीक चिरून ठेवली, कुणीतरी उकडलेल्या अंड्याचा बलकही लावून पाहिला. बाबांनी मोबाइलवर वाचून वाचून कॅल्शियमची पावडर मागवली.

“तसा तो खेळकर आहे,” मुलगा म्हणाला, “मला टाटा पण करतो. बघा ना.” त्याने मोबाइल पुढे केला.

व्हिडिओत पिल्लू काचेशी उभं होतं. पुढचा एक पाय सावकाश वर उचलून गोल फिरवत होतं, खाली टेकवत होतं, पुन्हा उचलत होतं. दिसायला गोड दिसतं, पण सरड्यांच्या भाषेत त्याचा अर्थ ‘मी लहान आहे, मला मारू नकोस’ असा असतो. लहान पिल्लं मोठ्या सरड्यासमोर असं करतात. आणि तो मुलाला करत नव्हता. काचेच्या पलीकडे अंधार होता, आत उजेड, त्यामुळे काचेत त्याचं स्वतःचंच प्रतिबिंब पडलं होतं. म्हणजे हा जीव आठवडाभर दिवसरात्र एका न हलणाऱ्या, न हटणाऱ्या प्रतिस्पर्ध्यापुढे शरणागती पत्करत होता. अशा वेळी भूक कुठून लागणार?

इथपर्यंत माझ्या दृष्टीने नेहमीचंच प्रकरण होतं. घर बदललं की ही पिल्लं काही दिवस, कधी कधी आठवडाभरसुद्धा, खात नाहीत. तीन बाजूंच्या काचा बाहेरून कागदाने झाका, हाताळणं बंद करा, ऊब नीट द्या, हे सांगून मी पाठवलंही असतं. पण डायनोचे डोळे बंद होते.

मी त्याला काट्यावर ठेवलं. सोनाराकडे असतो तसला छोटा काटा मी याच कामासाठी ठेवलाय. वजन 11 ग्रॅम. पोटाखाली काळसर लंबगोल डाग उमटलेले, म्हणजे ताण आहे. जबडा बोटाने हलकेच दाबून पाहिला तर टणक होता. पाय थरथरत नव्हते, सुजले नव्हते, म्हणजे हाडं अजून ठीक. शेपटीचं बूड मात्र बारीक झालेलं. पापण्या दोन्हीकडच्या फुगलेल्या, फटीतून पाणी येत होतं आणि टेबलावरचा दिवा जवळ आणला की तो मान वळवून रुमालात खुपसत होता.

डोळ्यात वाळूचा कण गेला, रातकिड्याने चावा घेतला, तर सहसा एकच डोळा बिघडतो. इथे दोन्ही डोळे अगदी सारखे. मी फ्लुरोसिनची पट्टी सलाइनने भिजवून तिचा एक थेंब सोडला आणि खोलीतला दिवा घालवून निळा टॉर्च धरला. निरोगी बुबुळावर हा रंग टिकत नाही, सोललेल्या जागी चिकटतो. सुईच्या टोकाएवढे हिरवे ठिपके दोन्ही बुबुळांच्या वरच्या अर्ध्या भागात पसरलेले दिसले. खालचा अर्धा भाग जवळजवळ स्वच्छ. वरून काहीतरी पडत होतं, आणि ते वाळूच्या कणासारखं दिसणारं काही नव्हतं.

मी दिवा लावला आणि मुलाकडे पाहिलं.

“गॉगल काढ बरं जरा.”

डोळे लालभडक, पाणी वाहतंय, पण पापण्यांना चिकटा अजिबात नाही.

“सकाळी पापण्या चिकटल्या होत्या का रे? चिपडं आली होती?”

“नाही. पण रात्री झोपलो आणि एकदम वाळू गेल्यासारखं झालं. ट्यूबलाइट बघवत नाही.”

“आणि ताई, तुम्हाला?”

“मलाही रात्रीच सुरू झालं. पण इतकं नाही.”

“घरात आणखी कोणाला?”

“नाही. सासूबाई ठणठणीत आहेत. मिस्टर पण.”

“काल डायनोच्या पेटीत डोकं कुणी कुणी घातलं होतं?”

ताईंनी मुलाकडे पाहिलं. तो रविवारची अख्खी दुपार वरची जाळी सरकवून पेटीत वाकून चिमट्याने किडे भरवत बसला होता. त्यांनी स्वतः मेथीची वाटी आत ठेवली, उचलली. आजी समोर दिवाणावर बसून काचेतून बघत होत्या. बाबा जेवून झोपले होते.

“पेटीला नवीन दिवा लावलाय का?”

“हो, यांनी शनिवारी रात्री बसवला. त्याला यूव्ही लागतं म्हणून. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून ट्यूब आणली.”

ट्यूबचा फोटो त्यांच्या मोबाइलवर होता, बाबांनी कौतुकाने काढलेला. मी तो मोठा करून पाहिला. सरड्यांसाठीची यूव्हीबी ट्यूब दिसायला आपल्या साध्या ट्यूबसारखी पांढरी असते, कारण आतून लेप दिलेला असतो. ही ट्यूब आरपार होती. आतल्या दोन्ही टोकांच्या तारा स्पष्ट दिसत होत्या आणि उजेड फिकट निळा. ही पाण्याच्या फिल्टरमधली जंतू मारायची ट्यूब होती.

दुकानदाराचं काही चुकलं नव्हतं. ‘यूव्ही ट्यूब द्या’ म्हणून येणाऱ्या गिऱ्हाइकाला फिल्टरचीच ट्यूब हवी असते. यूव्हीचे, म्हणजे अतिनील किरणांचे, प्रकार तीन. सरड्याला लागतो तो यूव्हीबी, त्याने कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं आणि त्याच्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियम हाडांपर्यंत पोचत नाही. फिल्टरमधला यूव्हीसी, 254 नॅनोमीटरचा, जंतूंची जनुकं तोडून त्यांना मारतो. सूर्यातूनही यूव्हीसी निघतो, पण तो वरच्या हवेतच अडतो, जमिनीवर पोचत नाही. त्यामुळे त्याच्यापासून स्वतःला वाचवायची सोय ना सरड्याकडे आहे, ना माणसाकडे. डोळ्याला काही सेकंदांतच तो जास्त होतो आणि दुखायला मात्र काही तासांनी लागतं. म्हणून रविवार दुपारचं दुखणं रविवारी रात्री आलं आणि सगळ्यांना साथ वाटली.

“ती ट्यूब आत्ता चालू आहे का घरी?”

“असेल. पेटी गरम राहावी म्हणून सगळं चालूच ठेवून आलो.”

“घरी कोण आहे?”

“सासूबाई.”

मी म्हटलं, आधी फोन लावा. फोन स्पीकरवर टाकला.

“आजी, मी जनावरांची डॉक्टर बोलतेय. सरड्याच्या पेटीचा दिवा बंद करायचाय.”

“कुठला? इथे तीन बटणं आहेत.”

“तिन्ही बंद करा. पेटीकडे बघू नका, नुसती बटणं दाबा.”

“अगं पण सरडा तर तुमच्याकडे आहे ना? मग घाई कसली?”

“सरड्यासाठी नाही हो आजी, तुमच्यासाठी.”

बटणांचा आवाज आला, आणि मागोमाग, “पंखा पण बंद झाला बघ.”

आजी सुखरूप होत्या, आणि त्याला कारण साधी काच. काचेतून यूव्हीसी पलीकडे जात नाही. शिवाय बाबा चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला, काम नेटकं. त्यांनी ट्यूब जाळीच्या आतल्या बाजूला बसवून वर पत्र्याचं झाकण केलं होतं, त्यामुळे किरण खोलीत पसरले नाहीत. वरून वाकणाऱ्याला मात्र ते थेट भेटत होते. बाबांना फोनवर ‘यूव्हीसी’ म्हटल्यावर क्षणभर शांतता झाली, मग ते म्हणाले, “म्हणजे वेल्डिंग लागतं डोळ्याला, तसं?” अगदी तसं. चष्मा न लावता वेल्डिंगकडे पाहिलं की जे होतं तेच. मला पुढे समजवावं लागलं नाही.

मी माणसांच्या डोळ्यांना हात लावत नाही. ताईंना सांगितलं, इथून थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि ट्यूबचा फोटो दाखवा. साथीचे म्हणून मेडिकलमधून आणलेले थेंब त्यांच्या पर्समध्ये होते. बाटली पाहिली तर अँटिबायोटिकबरोबर डेक्सामेथासोन. हे स्टिरॉइड आहे. बुबुळ सोललेलं असताना ते घातलं तर जखम भरणं लांबतं. सकाळपासून एकदा मुलाला घातले होते. डायनोलाही ‘त्याचेही डोळे आलेत’ म्हणून एक थेंब घालायचा विचार होता, पण तो वळवळला म्हणून राहिलं.

डायनोसाठी करण्यासारखं बरंच होतं, पण सगळं चिमुकलं. इन्शुलिनच्या सिरिंजने कातडीखाली 0.2 मिली सलाइन. दुखणं कमी करणारं औषध, तेही पातळ करून. बिनास्टिरॉइडचे अँटिबायोटिक थेंब आणि डोळा ओला ठेवणारं जेल. यातलं काहीही घालताना हात वरून न्यायचा नाही, हे मी मुलाला शिकवलं. या सरड्यांच्या डोक्यावर, बरोबर मध्यभागी, एक फिकट ठिपका असतो. तो तिसरा डोळा. त्याने चित्र दिसत नाही, पण उजेड-सावली कळते. वरून सावली पडली की त्याला घार आल्यासारखं वाटतं. बाजूने, खालून, हळू हात नेला की तो बिथरत नाही. मुलाने गॉगल लावूनच तो ठिपका शोधून काढला आणि आपलं दुखणं विसरला.

संध्याकाळी ओपीडी संपवून मी कर्वेनगरला त्यांच्या घरी गेले. खडकवासल्यातून पाणी सोडलं होतं, भिडे पूल पाण्याखाली, त्यामुळे डेक्कनची सगळी गर्दी कर्वे रोडवर. बाबा माझ्यानंतर पोचले. कंपनीतली टेंपरेचर गन आणायला मी सांगितली होती, पॅनेल आणि बेअरिंगचं तापमान बघायची लाल ठिपक्याची. कोविडच्या काळातली कपाळाला लावायची बंदूक इथे चालत नाही, ती माणसाच्या तापापलीकडे मोजत नाही.

पेटी म्हणजे जुना माशांचा टँक, टीव्हीशेजारी. तळाला वाळू. बल्ब तेवढा पुन्हा लावून थोडा वेळ थांबलो. काचेला चिकटवलेला गोल काट्याचा थर्मामीटर 35 दाखवत होता. ऊन खायच्या दगडावर नेम धरून बाबांनी गनचं बटण दाबलं. 27.

“पण बल्ब तर दिवसभर लावतोय,” बाबा म्हणाले.

बल्ब 9 वॅटचा एलईडी होता. हल्ली घरात दुसरे बल्ब असतातच कुठे? एलईडी वीज वाचवतो तो उष्णता फुकट न घालवल्यामुळेच, आणि सरड्याला हवी असते नेमकी तीच. पिल्लाला ऊन खायच्या जागी 40 ते 42 अंश लागतात, पेटीच्या दुसऱ्या टोकाला 27-28, म्हणजे त्याला हवं तिकडे सरकता येतं. एवढी ऊब नसेल तर पोटातलं अन्न पचत नाही, तसंच पडून सडतं. भूक न लागणं हा त्याच्या शरीराचा शहाणपणाच होता. तो 27 अंशात खात राहिला असता, तर माझ्याकडे वेगळीच केस आली असती.

पेटीच्या कोपऱ्यात अर्धी करवंटी पालथी ठेवलेली होती. मुलाची तक्रार होती की डायनो रविवारी सारखा तिच्याखाली लपत होता, म्हणून त्याने दोनदा बाहेर काढला. मी त्याला एवढंच म्हटलं की करवंटी राहू दे. तिच्यामुळेच कातडी आणि डोळे शाबूत होते. दिवसभर उघड्यावर बसला असता तर ठिपक्यांवर भागलं नसतं.

आम्ही पेटी नव्याने लावली. वाळू काढून पेपर अंथरला, कारण उपाशी पिल्लू घास घेताना वाळू गिळतं आणि ती आतड्यात अडकते. टीव्हीजवळून पेटी हलवून आतल्या खोलीत, शांत कोपऱ्यात, जमिनीवर नव्हे तर टेबलावर नेली. तीन बाजू ब्राउन पेपरने झाकल्या. पुढचे काही दिवस डोळ्यांना उजेड नको आणि अंगाला ऊब तर हवीच, म्हणून उजेड न देणारा सिरॅमिक हीटर, थर्मोस्टॅट लावून. डोळे उघडले की हॅलोजनचा बल्ब. आणि यूव्हीबीची खरी ट्यूब, सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी बनवलेली, लांब, पांढरी. ती ऑनलाइन मागवावी लागते आणि चालू दिसत असली तरी वर्षाच्या आत बदलावी लागते, कारण उजेड राहतो पण यूव्हीबी संपतो. काचेवरून ती लावून उपयोग नाही, यूव्हीबीही काचेत जवळजवळ अडतोच. बाबा हे सगळं कंपनीच्या डायरीत लिहून घेत होते, वायरिंगची आकृती काढून.

खरी अडचण आजींची होती. घर माळकरी, चातुर्मास लागलेला, कांदा-लसूणसुद्धा बंद. आणि फ्रिजवर डब्यात रातकिडे किरकिरतायत.

“डॉक्टरीणबाई, हा भाजीपाल्यावर नाही का राहणार?”

“मोठा झाला की बहुतेक भाजीपालाच खाईल आजी. पण पिल्लाला वाढायचंय. आत्ता त्याचं तीन भाग जेवण किडे आणि एक भाग पाला.”

“मग पाला तरी माझ्या हातचा.”

त्यावर आमची सविस्तर चर्चा झाली. पालक नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. मेथी अधूनमधून चालेल, रोज नको. शेवग्याचा कोवळा पाला उत्तम. लाल भोपळा किसून, जास्वंदीची पाकळी. शेवगा सोसायटीच्या आवारातच होता आणि जास्वंद आजी रोज गणपतीला वाहत होत्याच. फवारणी केलेला पाला नको, एवढं बजावलं. मुलाने विचारलं, सोसायटीच्या दिव्याखाली येणारे किडे चालतील का? नाही. त्यांच्या अंगावर काय औषध असेल सांगता येत नाही. आणि काजवा तर कधीच नाही. उन्हाळ्याच्या शेवटी लोक राजमाचीला, भंडारदऱ्याला काजवे बघायला जातात आणि पोरं बाटलीत भरून आणतात. काजव्याच्या अंगात असं विष असतं की एकच गिळला तरी या सरड्याचा जीव जाऊ शकतो. मुलाने आजीकडे पाहिलं. जूनमध्ये ते सगळे राजमाचीला जाऊन आले होते, डायनो घरी यायच्या आधी.

आणखी एक सांगितलं: किडा सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. मीलवर्म या वयात नकोतच, पाठ फार कडक. उरलेले रातकिडे रात्री पेटीत सोडून ठेवायचे नाहीत, ते झोपलेल्या पिल्लाचे कुरतडून लचके काढतात. आणि जबरदस्तीने तोंड उघडून भरवायचं नाही. ते काम लागलंच तर मी करेन.

पुढचे दोन दिवस बाबा सकाळ-संध्याकाळ डोळ्यांचे फोटो पाठवत होते. मुलगा आणि ताई तोपर्यंत बरे झाले. त्यांच्या डॉक्टरांनीही पहिला प्रश्न ‘वेल्डिंगजवळ गेला होतास का’ हाच विचारला म्हणे. डायनोचा डावा डोळा आधी उघडला, मग उजवा. पुन्हा रंग घालून पाहिला, बुबुळं स्वच्छ. मग हॅलोजन लावला, मागवलेली ट्यूब बसवली, आणि गनवर दगड 41 दाखवायला लागला.

खायचा क्षण मी प्रत्यक्ष पाहिला, कारण त्या दिवशी तपासायला त्यांच्याचकडे गेले होते. डायनो दगडावर चपटा होऊन तासभर तापला होता. सकाळचा राखाडी रंग जाऊन पाठीवर पिवळसर झाक आली होती. मुलाने चिमट्याने बाजूने एक छोटा रातकिडा पेपरवर सोडला, मागचे पाय आधीच काढलेला. त्या कामाच्या वेळी आजी उठून देवघरात गेल्या. रातकिडा दोन पावलं सरकला. डायनोने मान तिरकी केली, एका डोळ्याने पाहिलं, मग दुसऱ्या. शेपटीचं टोक वर वळलं. जाडसर गुलाबी जीभ बाहेर आली, टच् असा आवाज झाला आणि दोन-तीन वेळा जबडा हलला. एक पाय तोंडाबाहेर राहिला होता, तो त्याने दगडाला घासून आत घेतला. मुलगा ओरडणार होता, मी हाताने गप्प केलं. दुसरा रातकिडा. मग तिसरा सुटला आणि टेबलाखाली गेला. तो कुणालाच सापडला नाही आणि आठवडाभर रात्री घरात किरकिरत होता, असं नंतर कळलं.

खायला लागला म्हणजे संपलं, असं नसतं. मी ताजी शी डबीतून आणायला सांगितली. सूक्ष्मदर्शकाखाली कॉक्सिडियाची अंडी दिसली. हे पोटातले परजीवी या सरड्यांमध्ये सर्रास सापडतात. थोडे असले आणि प्राणी ठणठणीत असला तर चालून जातं, ताण आला की वाढतात. इथे वाढलेले होते, म्हणून औषधाचा कोर्स दिला. पेपर रोज बदलायचा, शी दिसली की लगेच उचलायची, भांडी उकळत्या पाण्याने धुवायची, नाहीतर तेच परत पोटात. वजन दर रविवारी, त्याच काट्यावर, त्याच वेळी. पुढच्या खेपेला डायनो 17 ग्रॅमवर होता आणि मला चावायला निघाला.

त्या खेपेला मुलाने विचारलं, हा मुलगा की मुलगी? एवढ्या लहान वयात खात्रीने सांगता येत नाही. आणि या प्राण्यात गंमत अशी की अंडी 32 अंशांच्या वर उबवली गेली, तर जनुकांनी नर असलेली काही पिल्लं मादी होऊन बाहेर येतात, अंडीसुद्धा घालतात. असे सरडे ऑस्ट्रेलियाच्या जंगलात खरोखर सापडल्याचं 2015 मध्ये प्रसिद्ध झालंय. बाबांनी हेही डायरीत लिहिलं. मुलाने नाव बदलायचं नाही असं ठरवलं.

काढलेल्या ट्यूबचं काय करायचं, हा बाबांचा प्रश्न होता. आत पारा असतो, फोडायची नाही, ओल्या कचऱ्यात तर अजिबात टाकायची नाही, ई-कचऱ्यात द्यायची. त्यांनी मापं पाहिली, तर घरच्या पाण्याच्या फिल्टरला ती बरोबर बसत होती. ती बसवताना झाकण नीट लागलंय ना, हे त्यांनी मला फोटो पाठवून विचारलं.

आजींचा डायनोशी व्यवहार शेवग्यापुरता. पाला रोज सकाळी त्याच धुऊन, कोरडा करून, बारीक चिरून देतात आणि तो त्यातला बराचसा तुडवतो. मला भेटल्या की एकच विचारतात, भाजीपाल्यावर कधी येणार? साधारण वर्षाचा झाला की पाल्याचं प्रमाण वाढवत न्यायचं असतं. मी त्यांना पुढची आषाढी सांगितली आहे.